‘आईला काढा’: अॅनिमेशन सिनेमात स्टुडिओच्या साहेबांचं किती चालतं?

लहानपणी अरबी कथांमधली अल्लादीनची गोष्ट वाचली असेल, तर त्याची आई आठवत असेल. घरात खायला काही नाही, दिवा विकून चार पैसे येतील, म्हणून ती तो घासायला घेते आणि आतून जिन बाहेर पडतो. आता डिस्नेचा 1992 सालचा ‘अलादीन’ आठवा. अलादीन आहे, दिवा आहे, माकडसुद्धा आहे. आई कुठे आहे?

होती. आधीच्या आराखड्यांत ती होती आणि मुलगा तिच्यासाठी एक गाणंही म्हणत होता, आज ना उद्या तुला माझा अभिमान वाटेल अशा अर्थाचं. मग एप्रिल 1991 मध्ये रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर या दिग्दर्शकांनी चित्रपटाचा कच्चा नमुना डिस्नेच्या चित्रपट विभागाचा प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्गला दाखवला. त्याला तो पटला नाही. आईला काढा, गोष्ट नव्याने बांधा, आणि प्रदर्शनाची तारीख मात्र हलणार नाही. टीममधले लोक त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणू लागले.

हा माणूस लेखक नव्हता, दिग्दर्शक नव्हता, चित्रकार तर नव्हताच. तरी त्याच्या एका वाक्यात एक अख्खं पात्र गेलं. आणि पंचाईत अशी, की ‘अलादीन’ त्या वर्षी जगभरात सर्वांत जास्त कमाई करणारा चित्रपट ठरला. मग साहेब बरोबर होते का?

आधी हे साहेब म्हणजे कोण ते बघू. आपल्याकडे निर्माता म्हटलं की स्वतःचं किडूकमिडूक पणाला लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. याच फाळक्यांनी पुढे आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा अॅनिमेशनपटही केला. तिथे ‘हे काढा’ म्हणणारे तेच आणि काढणारेही तेच. हॉलिवूडच्या स्टुडिओतला एक्झिक्युटिव्ह तसा नसतो. तो पगारदार असतो. पैसा कंपनीचा, म्हणजे शेअरहोल्डरांचा. कोणता चित्रपट बनवायचा, किती पैशांत, कधी लावायचा आणि चालू काम थांबवायचं का, हे तो ठरवतो. कागदावर त्याचं काम एवढंच. पण ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली, त्याचं गोष्टीबद्दलचं मतही मग वजनदार होतं. त्याच्या मतांना तिथे ‘नोट्स’ म्हणतात. सूचना म्हणावं तर ती नाकारता येत नाही, हुकूम म्हणावं तर तसं कुणी कबूल करत नाही.

हे सगळ्याच सिनेमांत चालतं. अॅनिमेशनमध्ये जरा जास्त चालतं, आणि त्याचं कारण काम करण्याच्या पद्धतीत आहे.

नेहमीचा सिनेमा आधी लिहितात, मग शूट करतात, मग कापून जोडतात. अॅनिमेशनमध्ये क्रम उलटा. आधी जोडतात, मग काढतात. म्हणजे असं, की स्टोरी आर्टिस्ट प्रसंगांची हजारो साधी, पटापट काढलेली चित्रं करतात. ती ओळीने लावून त्यावर ऑफिसातल्याच कुणाच्या तरी आवाजात संवाद चढवतात, दुसऱ्या कुठल्या चित्रपटाचं उसनं संगीत टाकतात, आणि दीड तासाचा एक ओबडधोबड सिनेमा तयार होतो. याला स्टोरी रील म्हणतात. नाटकवाल्यांच्या भाषेत ही तालीम. फरक एवढाच, की ही तालीम तीन-चार वर्षं चालते आणि दर काही महिन्यांनी ती साहेबांपुढे होते. प्रत्येक वेळी ती मोडते, पुन्हा बांधली जाते. रील पास झालं की मग खरं अॅनिमेशन सुरू होतं. तिथे एका माणसाच्या आठवडाभराच्या मेहनतीतून पडद्यावरचे जेमतेम काही सेकंद निघतात.

म्हणून रीलच्या टप्प्यावर एखादं पात्र काढणं स्वस्त असतं, अॅनिमेशन झाल्यावर महागात पडतं. नेहमीच्या सिनेमात साहेबाला बरंचसं शूटिंग संपल्यावर काय हाती लागलंय ते कळतं. अॅनिमेशनच्या साहेबाला चित्रपट जन्मायच्या आधी पूर्ण दिसतो, तोही सात-आठ वेळा. समोर कच्चं काम आणि हातात अधिकार असला की गप्प बसणं भल्याभल्यांना जमत नाही.

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत होती. परदेशी मालिकांचे शॉट आमच्याकडे यायचे, आम्ही करून पाठवायचो, आणि सोमवारी सकाळी रिटेकची शीट यायची. एकदा एका शॉटपुढे लिहिलं होतं, ‘अजून मजा आणा’. बस. पात्र दार उघडून आत येतं, एवढाच शॉट. आम्ही त्याला उडी मारायला लावली, भुवया नाचवल्या, दारावर आपटवलं. तीन वेळा परत आलं. चौथ्या शीटवर दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं, ‘आत आल्यावर तो कुणाकडे बघतो ते कळत नाही’. अर्ध्या तासात शॉट पास. पहिल्या माणसालाही तेच खटकत असणार. त्याने दुखणं न सांगता औषध सांगितलं, आणि ते चुकीचं निघालं.

साहेबांच्या सगळ्या किश्शांकडे मी तेव्हापासून याच नजरेने बघतो. गिऱ्हाईक शिंप्याला ‘खांद्यात दाटतंय’ म्हणालं तर शिंप्याचा फायदा. त्याने शिंप्याच्या हातून कात्रीच घेतली तर शर्ट गेला. कॅट्झेनबर्गने एकदा खरोखर कात्री घेतली होती.

1984 मध्ये मायकल आइस्नर आणि फ्रँक वेल्स यांनी डिस्नेचा कारभार हाती घेतला आणि कॅट्झेनबर्ग त्यांच्याबरोबर आला. ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ तेव्हा जवळजवळ तयार होता. डिस्नेसाठी नेहमीपेक्षा बराच काळोखी चित्रपट, त्यात कढईतून उठणारी मेलेल्यांची फौज. कॅट्झेनबर्गला तो लहान मुलांसाठी फार भीतिदायक वाटला. काही मिनिटं कापा, तो म्हणाला. निर्माते जो हेल यांनी समजावलं की अॅनिमेशनपट असा कापता येत नाही. नेहमीच्या सिनेमात एका प्रसंगाचे पाच कोनांतून टेक असतात, एक काढला की दुसरा लावता येतो. इथे लागेल तेवढंच काढलेलं असतं, शिल्लक काही नसतं. कॅट्झेनबर्ग ऐकेना. तो स्वतः एडिटिंग रूममध्ये जाऊन बसला आणि कापू लागला. शेवटी आइस्नरला मध्ये पडून त्याला थांबवावं लागलं. तरी चित्रपट लांबणीवर पडला आणि सुमारे 12 मिनिटं गेलीच, त्यांत पूर्ण झालेली दृश्यंही होती.

12 मिनिटं म्हणजे किती? सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 17,280. दोन फ्रेमना मिळून एक चित्र म्हटलं तरी एकेका पात्राची साडेआठ हजारांवर चित्रं. आजही तो चित्रपट बघताना त्या फौजेच्या प्रसंगात संगीत मध्येच टुणकन उडी मारतं. तिथे कात्री लागली आहे, हे न सांगता कळतं. सुमारे 4 कोटी 40 लाख डॉलर खर्च झालेल्या या चित्रपटाने 1985 मध्ये अमेरिकेत त्याच्या निम्मेही मिळवले नाहीत. दोष एकट्या कात्रीचा नव्हता. गोष्ट मुळात विस्कळीत होती, आणि कॅट्झेनबर्गला काहीतरी बिघडलंय असं वाटलं ते खोटं नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत तो शिकला. पूर्णपणे नाही. ‘द लिटिल मरमेड’ची मुलांसमोर चाचणी होती. जलपरी माणसांच्या जगाची स्वप्नं बघत एक संथ गाणं म्हणते, ते तोवर बरंचसं कच्च्या रेखाटनांतच होतं. मुलं चुळबुळ करू लागली. एका पोराला गाण्यापेक्षा सांडलेल्या पॉपकॉर्नमध्ये जास्त रस होता. कॅट्झेनबर्ग म्हणाला, गाणं काढा. गीतकार हॉवर्ड अॅशमन, दोन्ही दिग्दर्शक, अॅनिमेटर ग्लेन कीन, सगळे विरोधात उभे राहिले. नायिकेला काय हवंय हेच प्रेक्षकाला कळलं नाही तर पुढचा दीड तास तो कशासाठी बघणार, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या चाचणीपर्यंत गाणं ठेवायचं ठरलं. तोवर बरंचसं रंगवून झालं होतं, आणि मुलं गप्प बसून बघत राहिली. आज त्या गाण्याशिवाय तो चित्रपट डोळ्यांसमोर येत नाही. चुळबुळ खरी होती, पण तिचं कारण बहुधा अपुरं चित्र हे होतं. कॅट्झेनबर्गच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की त्याने हट्ट सोडला. सगळेच सोडत नाहीत.

‘टॉय स्टोरी’च्या वेळी मात्र समोरची माणसं नवखी होती. पिक्सार या छोट्या स्टुडिओने पूर्ण लांबीचा एकही चित्रपट केला नव्हता आणि पैसा डिस्नेचा. कॅट्झेनबर्गला गोष्ट मोठ्यांनाही आवडेल अशी, जरा टोकदार हवी होती. नोट येत गेली, ‘अजून धार, अजून धार’. पिक्सारची मुलं आज्ञाधारकपणे धार लावत गेली. 19 नोव्हेंबर 1993 ला त्यांनी रील दाखवलं, तेव्हा वुडी हा नायक एक खडूस, इतर खेळण्यांवर डाफरणारा प्राणी झाला होता. बझ या नव्या खेळण्याला तो जाणूनबुजून खिडकीतून ढकलत होता. स्वतः बनवणाऱ्यांनाच तो बघवेना. डिस्नेने काम थांबवलं. हे इतकं वाईट का झालं, असं कॅट्झेनबर्गने आपल्या सहकाऱ्याला, टॉम शुमाकरला विचारलं. त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की हा चित्रपट आता त्यांचा राहिलेलाच नाही.

मग पिक्सारच्या जॉन लॅसेटर, अँड्र्यू स्टँटन, पीट डॉक्टर आणि जो रॅन्फ्ट यांनी काही महिन्यांत पटकथा पुन्हा लिहिली, या वेळी स्वतःला हवी तशी. वुडी घाबरलेला, मत्सरी, पण मुळात भला झाला. खिडकीतून पडणं उरलं, ते अपघाताने होऊ लागलं. हा एवढासा बदल बघा. डोळ्यांना घटना तीच दिसते, पण प्रेक्षक वुडीला माफ करतो.

यातून पिक्सारने एक गोष्ट पक्की केली, की सल्ला आणि अधिकार वेगळे ठेवायचे. त्यांचा ‘ब्रेनट्रस्ट’ नावाचा गट रील बघतो आणि सडेतोड बोलतो, पण ऐकायचं की नाही हे दिग्दर्शक ठरवतो. यातला मला सगळ्यांत आवडणारा तपशील म्हणजे कंपनीचा मालक स्टीव्ह जॉब्स या बैठकांना बसत नसे. त्याच्यासमोर बाकीचे मोकळेपणाने बोलणार नाहीत, असं पिक्सार चालवणाऱ्या एड कॅटमलचं म्हणणं होतं, आणि जॉब्सने ते मान्य केलं. ज्याने प्रत्येक वस्तूच्या कोपऱ्याच्या गोलाईवरून माणसांना रडवलं, तो इथे बाहेर थांबला.

पण पिक्सार म्हणजे काही पंढरपूर नव्हे. अधिकार नसलेल्या गटामागे शेवटी अधिकार असलेली माणसं होतीच. ब्रेंडा चॅपमन ही पिक्सारची पहिली स्त्री दिग्दर्शक. ‘ब्रेव्ह’ची गोष्ट तिने स्वतःच्या मुलीशी असलेल्या नात्यावरून बांधली. 2010 मध्ये तिला दिग्दर्शनावरून दूर केलं आणि काम मार्क अँड्र्यूजकडे गेलं. 2013 चा ऑस्कर दोघांच्या नावे मिळाला. चॅपमनने त्याआधीच, 2012 मध्ये, उघडपणे लिहिलं होतं की ही गोष्ट तिच्या आत खोलवरून आली होती आणि ती काढून घेतली जाणं जिव्हारी लागलं. दिग्दर्शक बदलल्याने चित्रपट सुधारला की बिघडला, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. न बनलेला चित्रपट साक्षीला येत नाही. साहेबांच्या बाजूने आणि विरोधात होणारे बहुतेक वाद इथेच अडकतात.

एक चित्रपट मात्र बऱ्यापैकी साक्षीला आहे, आणि त्यावर जरा थांबतो. ‘द लायन किंग’चा एक दिग्दर्शक रॉजर अॅलर्स याने डिस्नेसाठी ‘किंगडम ऑफ द सन’ घेतला होता. दक्षिण अमेरिकेतल्या इंका संस्कृतीतली भव्य, गंभीर कथा, संगीत ब्रिटिश गायक स्टिंगचं. स्टिंगने होकार देताना अट घातली की त्याची पत्नी ट्रुडी स्टायलर या सगळ्या कामावर माहितीपट करेल. म्हणजे कॅमेरा आतच होता. 1998 मध्ये स्पष्ट झालं की गोष्ट बसत नाहीये. अॅलर्सने वेळ वाढवून मागितली. पण 2000 च्या उन्हाळ्याची तारीख ठरली होती आणि तिच्यावर मॅकडोनाल्ड्स, कोका-कोला यांचे जाहिरातींचे करार बांधलेले होते. वेळ मिळाली नाही. अॅलर्स बाहेर पडला. काम थांबलं, नव्याने सुरू झालं, आणि तोच सिनेमा ‘द एम्परर्स न्यू ग्रूव्ह’ नावाचा, लामा हा उंटासारखा प्राणी झालेल्या, शेंगदाण्याएवढ्या अकलेच्या राजाचा धमाल विनोदी चित्रपट होऊन डिसेंबर 2000 मध्ये आला. म्हणजे बर्गरच्या वेळापत्रकासाठी दिग्दर्शक गेला, आणि शेवटी ते वेळापत्रकही पाळलं गेलं नाही!

स्टिंगची बहुतेक गाणी पडली. पण त्याचीही एक ‘नोट’ आहे. नव्या आवृत्तीच्या शेवटी राजा आपलं मौजमजेचं संस्थान दुसरीकडे, जंगल तोडून बांधतो, असं ठरलं होतं. जंगलं आणि तिथल्या आदिवासींसाठी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या स्टिंगने पत्र लिहून विरोध केला. शेवट बदलला. राजा आता गावकऱ्यांसारखी साधी झोपडी बांधतो. स्टिंगकडे साहेबी अधिकार कुठलाच नव्हता, फक्त काय खटकतंय ते त्याने नीट सांगितलं.

माहितीपटाचं नाव ‘द स्वेटबॉक्स’. डिस्नेत जुन्या काळी अॅनिमेटरांचं कच्चं काम ज्या कोंदट, घाम काढणाऱ्या खोलीत बघितलं जायचं, तिचं हे नाव. 2002 मध्ये टोरांटो महोत्सवात तो दाखवला गेला आणि त्यानंतर डिस्नेने तो रीतसर कधी बाहेर काढला नाही.

त्या खोलीत पूर्वी वॉल्ट डिस्ने बसायचा. ‘स्नो व्हाइट’च्या वेळी वॉर्ड किंबल या तरुण अॅनिमेटरने बुटक्यांच्या सूप पिण्याचा प्रसंग महिनोन्‌महिने खपून केला. वॉल्टने तो अख्खा काढून टाकला, कारण त्यामुळे गोष्ट थांबत होती. किंबल नोकरी सोडायच्या बेतात होता. वॉल्टने त्याला पुढच्या चित्रपटातल्या रातकिड्याचं पात्र देऊन थांबवलं, आणि तो जिमिनी क्रिकेट झाला. अशा कापण्याला साहेबांची ढवळाढवळ कुणी म्हणत नाही. कारण वॉल्ट गोष्ट स्वतः जगलेला होता, प्रत्येक बुटक्याची नक्कल करून दाखवायचा. कात्रीपेक्षा ती कुणाच्या हातात आहे, यावर माणसं बोट ठेवतात, आणि मला वाटतं बरोबरच करतात.

जपानचं उदाहरण दिल्याशिवाय हे चित्र एकांगी राहील. स्टुडिओ जिब्लीचा निर्माता तोशिओ सुझुकी हाही साहेबच, पैशांचं, जाहिरातींचं तोच बघायचा. 1985 मध्ये दिग्दर्शक हायाओ मियाझाकीच्या ‘नॉसिका’ची वीसेक मिनिटं कापून तो अमेरिकेत लावला गेला होता, तेव्हापासून जिब्लीने कापाकापी नको अशी अट धरली. मग ‘प्रिन्सेस मोनोनोके’ अमेरिकेत न्यायचा होता आणि वितरक हार्वी वाइनस्टीनला सव्वादोन तासांचा चित्रपट दीड तासात हवा होता. सुझुकीने त्याच्या हातात एक जपानी तलवार ठेवली आणि चित्रपटाचं जपानी नाव घेऊन म्हणाला, ‘मोनोनोके हिमे, नो कट!’ चित्रपट अखंड लागला. पण सुझुकी संत नव्हे. मियाझाकीला या चित्रपटाला नायकाच्या नावाचं शीर्षक द्यायचं होतं. सुझुकीने त्याला न विचारता ‘मोनोनोके हिमे’ हे नाव जाहीर करून टाकलं. साहेबी अशी असावी की बाहेरच्यासाठी तलवार आणि आतल्यासाठी गनिमी कावा.

अलीकडे साहेबांनी नवीनच प्रकार काढला आहे, चित्रपट पूर्ण करायचा आणि दाखवायचाच नाही. ‘कोयोटी व्हर्सेस अॅक्मी’ हा माणसं आणि कार्टून एकत्र असलेला चित्रपट तयार होता. नोव्हेंबर 2023 मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने करात फायदा घेण्यासाठी तो कपाटात टाकायचं ठरवलं. ओरड झाली, शेवटी 2025 मध्ये दुसऱ्या कंपनीने तो विकत घेतला. याला नोट म्हणता येणार नाही. इथे गोष्टीबद्दल कुणाचं काही मतच नव्हतं. त्या मानाने एडिटिंग रूममध्ये कात्री घेऊन बसलेला कॅट्झेनबर्ग मला बरा वाटतो. त्याने निदान सिनेमा बघितला होता.

तर ‘अलादीन’ची आई. माझ्या हिशेबाप्रमाणे तिला काढणं चुकायला हवं होतं, कारण कॅट्झेनबर्गने इथे दुखणं सांगून न थांबता औषधही लिहून दिलं. पण ते लागू पडलं. आई गेल्यावर अलादीन अनाथ, एकटा झाला आणि जिनशी त्याची मैत्री त्या रिकाम्या जागेत जाऊन बसली. माझा नियम इथे तुटतो, त्याला माझा इलाज नाही. गाण्याचं मात्र वाईट वाटायचं. शब्द हॉवर्ड अॅशमनचे, आणि मार्च 1991 मध्ये, त्या ब्लॅक फ्रायडेच्या आधी काही आठवडे, तो वारला होता. ते वाचवायला तो खोलीत नव्हता.

2014 मध्ये ‘अलादीन’ न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेच्या रंगमंचावर आला, तेव्हा ते गाणं परत घेतलं गेलं. अलादीन आता ते नुकत्याच वारलेल्या आईला उद्देशून म्हणतो. तेवीस वर्षांनी गाणं परत आलं, आई नाही आली.